मागच्या गाडीतला वस्ताद

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्तानं देशोदेशीचे सायकलपटू आपल्या जिल्ह्यातून सुसाट गेले, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकांनी मोबाइल वर करून व्हिडिओ घेतला असेल. त्या व्हिडिओत काय आलं? रंगीबेरंगी जर्सी, चाकांचा आवाज आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून गेलेला घोळका. त्याच्या मागून टपावर जादा सायकली बांधलेल्या गाड्या आल्या, पण तोवर बहुतेकांनी रेकॉर्डिंग बंद केलं असणार. आजची गोष्ट त्या मागच्या गाडीत बसणाऱ्या एका माणसाची आहे.

ज्याँ द ग्रिबाल्दी हे त्याचं नाव. जन्म १८ जुलै १९२२, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या बेझान्सों गावात. घराणं मूळचं खानदानी. त्यामुळे सायकलिंगच्या जगात लोक त्यांना व्हायकाउंट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सरदारसाहेब म्हणायचे. पण सरदारकीचा थाट फक्त नावात. हाताशी असायचा तो लहान संघ, कमी पैसा आणि इतरांनी नाकारलेली पोरं. एवढ्या भांडवलावर त्यांनी युरोपातल्या बड्या बड्या संघांना जेरीस आणलं.

तुमच्या कॉलेजची कबड्डीची टीम असेल, एकांकिकेचा ग्रुप असेल, नाहीतर गावचं मंडळ. प्रवासखर्चाला पैसे नाहीत, चांगली पोरं पुण्याच्या कॉलेजात गेलेली आणि स्पर्धा तोंडावर आलेली, असा प्रसंग तुमच्यावर कधीतरी येऊन गेलाच असेल. मग ही गोष्ट तुमच्याच कामाची आहे.

आधी शर्यत समजून घेऊ

दौंडहून पाटसकडे सायकलनं जाताना पुढे उसाची ट्रॉली असली, तर तिच्या मागे पायडल एकदम हलकं होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. (तसं करू नका, जिवाशी खेळ आहे.) ट्रॉली वारा अडवते म्हणून ते हलकं लागतं. रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचं सगळं गणित या आडोशावर चालतं. पुढचा वारा फोडतो, मागचा ताकद वाचवतो. म्हणून शर्यत जिंकणारा एक असला, तरी त्याच्यासाठी दिवसभर वारा फोडणारे, पाण्याच्या बाटल्या आणून देणारे, पंक्चर झालं तर स्वतःचं चाक काढून देणारे मदतनीस सात-आठ असतात. वारा बाजूनं आला, तर सगळे रस्त्यावर तिरक्या ओळीत जातात. त्या ओळीत ज्याला जागा मिळत नाही, तो मागे पडलाच म्हणून समजा.

या सगळ्यांच्या मागे गाडीत संघाचा मॅनेजर असतो. गाडीत चाकं, बाटल्या, खाण्याच्या पिशव्या आणि एक मेकॅनिक. आज मॅनेजर कानातल्या रेडिओवरून पोरांशी बोलतो. द ग्रिबाल्दींच्या काळात ती सोय नव्हती. सकाळी हॉटेलात जे ठरवायचं ते ठरवायचं. नंतर बोलायचं असेल तर गाडी घोळक्याजवळ न्यायची आणि खिडकीतून ओरडायचं. म्हणजे खरी मॅनेजरी शर्यतीच्या आधीच उरकलेली असायची. कोणाला घ्यायचं, त्यानं काय खायचं, कुठल्या शर्यतीसाठी कधी तयार व्हायचं, हे सगळं आदल्या हिवाळ्यातच पक्कं करावं लागायचं.

दुकानदार ते मॅनेजर

द ग्रिबाल्दींची ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्या महायुद्धात गेली. युद्ध संपल्यावर १९४५ ते १९५४ या काळात ते व्यावसायिक सायकलपटू होते. टूर द फ्रान्समध्येही उतरले. चांगले होते, पण अव्वल नव्हते. म्हणजे घोळक्याच्या मधे असणाऱ्या माणसाला काय सोसावं लागतं, हे त्यांनी स्वतःच्या पायांनी मोजलं होतं. आपण जिंकू शकत नाही हे कळलेला माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर त्या खेळाकडे पाठ फिरवतो, नाहीतर जिंकू शकेल असा दुसरा शोधायला लागतो.

ते गावी परतले आणि दुकानदारीत पडले. पण सायकल सुटली नाही. साठच्या दशकात त्यांनी स्वतःचे छोटे संघ उभे करायला सुरुवात केली. या संघांची नावं बघा. फ्रिमॅटिक-द ग्रिबाल्दी, मग हूवर-द ग्रिबाल्दी. पुढे एखाद्या कंपनीचं नाव आणि मागे स्वतःचं. प्रायोजक बदलत राहायचा, पाटीवरचं दुसरं नाव तेच राहायचं. सायकलिंगमध्ये क्रिकेटसारखं तिकीट विकून पैसा येत नाही, कारण रस्त्याला गेट नसतं. सगळी मदार प्रायोजकावर. तो निघून गेला की संघ रस्त्यावर येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा प्रायोजक शोधायचा. द ग्रिबाल्दींचं जवळपास सगळं आयुष्य या फेऱ्यात गेलं.

पैसा कमी असला की तयार खेळाडू विकत घेता येत नाही. तो शोधावा लागतो. आपल्याकडे जत्रेच्या फडात वस्ताद काय करतो? इनामाच्या कुस्तीकडे सगळे बघत असतात, तेव्हा तो कोपऱ्यात रेवड्यांवर लढणाऱ्या पोराच्या खांद्याकडे बघतो. द ग्रिबाल्दींची नजर अशी होती.

१९६८ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या शर्यतीत त्यांना एक पोर्तुगीज तरुण दिसला. जोआकिम अगोस्तिन्यो. शेतकरी घरातला, मोझांबिकमध्ये सैन्यात राहून आलेला, आणि सायकल शर्यतीत पडला तेव्हा पंचविशीला टेकलेला. बड्या संघांच्या हिशेबात हे वय शिकायचं नाही. द ग्रिबाल्दींनी त्याला फ्रान्सला आणलं. पुढच्याच वर्षी, १९६९ च्या टूर द फ्रान्समध्ये, या नवख्यानं दोन टप्पे जिंकले आणि एकूण आठवा क्रमांक पटकावला. पुढे १९७८ आणि १९७९ अशी दोन वर्षं तो टूरमध्ये तिसरा आला.

ट्रॅक्टरवरचा पोरगा

आता त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली निवड ऐका. आयर्लंडमधला शॉन केली. वडील शेतकरी. ते आजारी पडले म्हणून पोरानं तेराव्या वर्षी शाळा सोडली आणि शेतात राबायला लागला. नंतर गवंडीकामही केलं. सायकल मात्र जबरदस्त चालवायचा. १९७५ मध्ये तो खोट्या नावानं दक्षिण आफ्रिकेतल्या एका शर्यतीत उतरला. तिथे तेव्हा वर्णद्वेषी राजवट होती आणि त्या देशाशी खेळाचे संबंध ठेवायला बंदी होती. प्रकरण उघड झालं आणि १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकचं दार केलीसाठी बंद झालं.

ऑलिंपिक गेलं, म्हणून तो फ्रान्समधल्या मेत्झच्या एका हौशी क्लबकडून खेळायला गेला. तिथे त्यानं २५ पैकी १८ शर्यती जिंकल्या. सीझन संपला आणि गडी परत गावी जाऊन शेतीच्या कामाला लागला.

द ग्रिबाल्दींनी काय करावं? आधी कळवलं नाही, पत्ता नीट माहीत नाही, पोरगा समोर आला तर ओळखू येईल याचीही खात्री नाही. तरी गाठलं आयर्लंड. ओळख पटवायला आणि भाषांतराला एक सायकलपटू सोबत घेतला आणि डब्लिनहून टॅक्सी करून थेट केलीच्या घरी धडकले. केली घरी नव्हता, ट्रॅक्टर घेऊन बाहेर गेला होता. मग तीच टॅक्सी घेऊन शोधत निघाले आणि वाटेत त्याला गाठलं. वर्षाला ४,००० पौंड आणि जिंकलास तर बोनस, असा प्रस्ताव ठेवला. केलीनं आठवडाभर विचार केला आणि ६,००० मागितले. द ग्रिबाल्दींनी ते मान्य केले.

या सौद्यात दोन्ही माणसं दिसतात. एक पैशाला घट्ट, पण हवा तो माणूस दिसला की हटणारा नाही. दुसरा शाळा सोडलेला, पण आपली किंमत जाणणारा. जानेवारी १९७७ मध्ये केली बेझान्सोंला आला आणि चार सहकाऱ्यांसोबत एका घरात राहायला लागला. भाषा येत नाही, थंडी कडाक्याची आणि डोक्यावर हा वस्ताद. हॉस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहिलेल्यांना ही गोष्ट जास्त सांगायला नको.

उलटा खुराक

आपल्या तालमीत वस्ताद म्हटलं की खुराक आला. दूध, तूप, बदामाची थंडाई. द ग्रिबाल्दींचा खुराक नेमका उलटा. जेवणाच्या टेबलावर त्यांची नजर प्रत्येकाच्या ताटावर असायची. गोडाला मनाई, पोटभर जेवण्यालाही मनाई. थोडी भूक शिल्लक ठेवून उठायचं.

यामागे साधं कारण होतं. घाटात सायकलपटूला स्वतःचं वजन वर ओढायचं असतं. दोन किलो कमी झाले, तर ते दोन किलो प्रत्येक वळणावर वाचतात. पाय तेवढेच ताकदीचे आणि अंग हलकं, असा हिशेब. आज संघांकडे आहारतज्ज्ञ असतात, ताटातली प्रत्येक गोष्ट मोजली जाते. द ग्रिबाल्दी तेव्हा हे काम नजरेनं आणि शिस्तीनं करत होते. अंदाजानं अन्न तोडण्यात धोका असतो, त्यामुळे तुम्ही कोणी घरी याचं अनुकरण करू नका. पण हिवाळ्यात बाकीचे सुस्तावलेले असताना आपली पोरं टणक राहिली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट समजून घ्या. कारण त्यांची खरी चाल इथेच होती.

मार्चमध्ये जिंकायचं

सायकलिंगमधलं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे जुलैतली टूर द फ्रान्स. तीन आठवडे, भरपूर डोंगर आणि श्रीमंत संघांची फौज. छोट्या संघानं तिथे एकूण विजेतेपदाचं स्वप्न बघणं अवघड. पण सीझन काही जुलैत सुरू होत नाही. फेब्रुवारीत फ्रान्सच्या दक्षिणेला छोट्या शर्यती चालू होतात. मार्चमध्ये पॅरिस-नीस असते. १९३३ पासूनची ही शर्यत राजधानीच्या गारठ्यातून निघते आणि आठवडाभरानं भूमध्य समुद्राकाठच्या उन्हात पोचते. मग मिलान-सान रेमो आणि एप्रिलमध्ये दगडी रस्त्यांवरची पॅरिस-रुबे.

या दिवसांत बडे खेळाडू बऱ्याचदा जुलैसाठी हळूहळू तयार होत असतात. अशा वेळी एखादा छोटा संघ पूर्ण तयारीनिशी उतरला, तर त्याला संधी असते. जिंकलं की पेपरात नाव येतं. नाव आलं की प्रायोजक खूश होतो, पुढच्या शर्यतींची आमंत्रणं येतात आणि वर्षाचा पगार सुटतो. बड्या संघांसाठी मार्च म्हणजे चाचणी परीक्षा. द ग्रिबाल्दींसाठी मार्च हीच वार्षिक.

पण केलीला घेऊन हे लगेच जमलं नाही. दोन वर्षं फ्लँड्रिया संघात काढल्यावर १९७९ मध्ये केली दुसऱ्या संघात निघून गेला. छोट्या वस्तादाच्या वाट्याला येणारं हे ठरलेलं दुःख. घडवायचं आपण आणि मोठं झाल्यावर पोरगं दुसरीकडे. तीन वर्षं केली तिकडे राहिला. शर्यती जिंकत होता, पण लोकांनी त्याच्यावर शिक्का मारला होता की हा फक्त शेवटच्या दोनशे मीटरचा गडी, आठवडाभराची शर्यत याच्या आवाक्यातली नाही.

१९८२ मध्ये तो द ग्रिबाल्दींकडे परत आला. आता संघाचं नाव सेम-फ्रान्स लुआर. वस्तादानं पुन्हा वजन उतरवायला लावलं आणि थेट पॅरिस-नीस जिंकण्याच्या इराद्यानं उतरवलं. शेवटच्या दिवशी नीसजवळच्या कोल देझ घाटात टाइम ट्रायल होती, म्हणजे प्रत्येकानं एकट्यानं घड्याळाशी झुंजायचं. इथे ना आडोसा, ना मदतनीस. ज्याला लोक घाटात चढता येत नाही म्हणत होते, त्या केलीनं तो टप्पा जिंकला आणि त्याबरोबर पूर्ण शर्यतही. १९८२ ते १९८८ अशी सलग सात वर्षं पॅरिस-नीस त्यानं दुसऱ्या कोणाला मिळू दिली नाही. सात विजेतेपदांचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे.

सहा सेकंद

आता १९८४ सालाकडे या. संघाचं नाव बदलून स्किल झालेलं. मार्चमध्ये पॅरिस-नीस केलीनं जिंकली. तिसऱ्या क्रमांकावर होता बर्नार इनो, तोपर्यंत चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला. एप्रिलमध्ये केलीनं आधी पॅरिस-रुबे आणि पुढच्याच आठवड्यात लिएज-बास्तोन-लिएज जिंकली. त्या एका वर्षात त्याच्या नावावर ३३ विजय लागले आणि जागतिक क्रमवारीत तो पहिला आला.

एवढ्या धावपळीनंतर संघ थकलेला होता. आणि तेव्हाच स्पेनची तीन आठवड्यांची मोठी शर्यत, वुएल्ता, समोर येऊन उभी राहिली. त्या काळी ती एप्रिल-मे मध्ये असायची. संघानं तयारी केली नव्हती, पण करार झालेला होता. गेलं नाही तर दंड बसणार. मग घाईघाईनं फोन फिरवून पोरं गोळा केली गेली. असाच एक फोन एरिक कारितूला गेला. हा व्हाँतू डोंगराच्या पायथ्याच्या फ्लासाँ गावचा, द्राक्षबागायतदाराच्या घरातला पोरगा. त्याच वर्षी पॅरिस-नीसमधला व्हाँतूवरचा टप्पा त्यानं जिंकला होता, पण तीन आठवड्यांच्या शर्यतीचा दावेदार म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

बॅग भरून तो निघाला. डोंगरातल्या टप्प्यांवर त्यानं आघाडी घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. तीन आठवड्यांनंतर दुसऱ्या क्रमांकावरच्या आल्बर्तो फर्नांदेझमध्ये आणि त्याच्यात अंतर होतं फक्त सहा सेकंदांचं. तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतींच्या इतिहासात इतक्या कमी फरकानं दुसरं कोणी जिंकलेलं नाही. दंड वाचवायला गेलेली टीम विजेतेपद घेऊन परतली.

याला नशीब म्हणता येईल. पण ऐनवेळी फोन केला आणि समोरचा माणूस अंगानं तयार निघाला, हे नशिबानं होत नाही. ती आधीच्या हिवाळ्याची कमाई असते.

दुसरी बाजूही बघा

द ग्रिबाल्दींना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. पगाराच्या बाबतीत त्यांचा हात आखडता असायचा. ज्यांना दुसरं कोणी घेत नाही अशी पोरं स्वस्तात मिळतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि त्याचा फायदा ते घ्यायचे. संधी देणं आणि गरजेचा फायदा उठवणं यातली रेषा फार बारीक असते. ते तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे होते. खेळाचा तो काळही स्वच्छ नव्हता. १९८४ मध्येच पॅरिस-ब्रुसेल्स शर्यतीनंतर केली उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी ठरला. आरोप त्यानं नाकारला, पण नोंद राहिली.

मग त्यांच्याकडे पोरं का टिकायची? केली परत का आला? मला वाटतं, याचं उत्तर पैशात नाही. आपल्यात काय आहे हे आपल्याआधी ज्याला दिसलं, त्या माणसाकडे पाय आपोआप वळतात. केलीला सगळे शेवटच्या दोनशे मीटरचा गडी म्हणत होते. हा एक माणूस त्याला आठवडाभराच्या शर्यतीचा राजा म्हणून बघत होता. आणि बघून थांबत नव्हता, त्यासाठी ताटातली भाकरीही कमी करत होता.

जानेवारीतला शेवट

१९८६ मध्ये कास या प्रायोजकाच्या नावानं संघ उतरला. केलीनं त्या वर्षी पाचवी पॅरिस-नीस, मिलान-सान रेमो आणि दुसऱ्यांदा पॅरिस-रुबे जिंकली. नव्या सीझनची जुळवाजुळव सुरू झाली आणि २ जानेवारी १९८७ रोजी बेझान्सोंजवळच मोटार अपघातात द ग्रिबाल्दी गेले. वय ६४. आयुष्य ज्या रस्त्यांवर गाडीतून काढलं, तिथेच ते संपलं.

वस्ताद गेला की तालीम ओस पडते असं आपण म्हणतो. इथे तसं झालं नाही. दोनच महिन्यांनी मार्च उजाडला. केली पॅरिस-नीसला उतरला आणि जिंकला. पुढच्या वर्षी सातव्यांदा जिंकला आणि त्याच १९८८ मध्ये वुएल्ताही घेऊन गेला. मागच्या गाडीत आता दुसरा माणूस होता, पण पायांत भरलेला हिवाळा जुन्याच वस्तादाचा होता.

तुम्ही ज्या छोट्या टीममध्ये आहात, तिच्याकडे बसचं भाडंसुद्धा नसेल. पण कागद-पेन तर आहे? आज संध्याकाळी बसा आणि तीन गोष्टी लिहा. आपल्या आसपास असं कोण आहे, ज्याला अजून कोणी विचारलेलं नाही? मोठ्या टीम ज्याकडे चाचणी म्हणून बघतात, अशी कुठली स्पर्धा आपल्यासाठी वार्षिक ठरू शकते? आणि ती स्पर्धा यायच्या आधी आपण काय सोडायला तयार आहोत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कदाचित या क्षणी कुरकुंभच्या बाजूला एखाद्या रानात ट्रॅक्टर चालवत असेल. त्याच्या घरी जायला डब्लिनहून टॅक्सी करावी लागत नाही.